वादकांचें धन

नंदुरबार जिल्ह्यांत सातपुड्याच्या कुशींतील काठी गांवची राजवाडी होळी पहांटे पेटते. तोंवर रात्रभर ढोल घुमतात. वाजत्या वाद्यावर सर्वांची दृष्टि असते. धोका असतो तो वादक विसांव्यास बसल्यावर. लग्नाच्या बँडाचेंहि तसेंच. म्हणून साहित्यापाशीं पाळीनें एकानें बसावें, निघतांना व परततांना नग मोजावे, प्रत्येकावर खूण कोरावी. यजमानानें कुलपाची खोली द्यावी. गुजरात व मध्यप्रदेश लगतच असल्यानें चोरी परराज्यांतहि घडूं शकते. तथापि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वयें दखलपात्र चोरीची फिर्याद कोणत्याहि पोलीस ठाण्यांत देतां येते. वाद्य गेलें म्हणजे पुढची सुपारी जाते, आणि तिच्यासवें एका कुटुंबाची भाकरी.