सॅव्हेजचा नट

बोल्ट-ॲक्शन रायफलीचं बॅरल बदलायचं म्हटलं की जुन्या वळणाचा गनस्मिथ आधी लेथकडे बघतो. बाहेरच्याला वाटतं, नळी आट्यांनी बसवलेली आहे, एक फिरवून काढायची, दुसरी फिरवून बसवायची, त्यात काय एवढं! खरी मेख आहे हेडस्पेस नावाच्या मापात. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाचा खांदा चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, जिथे टेकतो ती जागा, या दोहोंमधलं हे अंतर. ते कमी पडलं तर बोल्ट मिटत नाही. जास्त झालं तर पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटू शकते, आणि नेमबाजाच्या गालाशेजारी चार हजार बारच्या आसपास दाबाचा तापलेला वायू वाट शोधू लागतो.

.३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी ‘गो’ गेज १.६३० इंचांचं असतं आणि ‘नो-गो’ १.६३४ इंचांचं. पहिल्यावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. साऱ्या खेळाला जागा चार हजारांश इंचाची, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटरची.

रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत बॅरलला खांदा असतो. आटे पूर्ण फिरले की तो खांदा रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर, घट्ट बसतो, पुढे सरकायला जागा उरत नाही. म्हणजे चेंबरची खोली त्या विशिष्ट रिसीव्हरला जुळवूनच कापायला हवी. रीमर थोडा फिरवायचा, कीस पुसायचा, गेज घालून बघायचं, पुन्हा थोडं कापायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मुरलेल्या टर्नरला या कामाची जात लगेच ओळखू येईल: हात चांगला असला तरी वेळ लागतोच, आणि कारखान्यात वेळ म्हणजे मजुरी.

ही मजुरी वाचवण्याची युक्ती अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने १९५८ साली बाजारात आणलेल्या मॉडेल ११० मध्ये आहे. आर्थर सॅव्हेजने १८९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी काढलेली ही कंपनी; ११० चा आराखडा निकोलस ब्रूअरचा. या रायफलीच्या बॅरलला खांदाच नाही. आटे लांबवर कापलेले आणि त्यांवर एक गोल नट. चेंबरमध्ये ‘गो’ गेज ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, आणि गेजला टेकेपर्यंत बॅरल हाताने आत फिरवत न्यायचं. टेकलं की नट रिसीव्हरवर आवळून टाकायचा. माप कापून मिळवायचं नाही, फिरवून लावायचं.

हे आटे इंचाला वीस. एका पूर्ण फेऱ्यात बॅरल १.२७ मिलिमीटर सरकतं. ‘गो’ आणि ‘नो-गो’ यांच्यातलं सगळं अंतर एका फेऱ्याच्या बाराव्या भागाएवढं, घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंत. मनगटाला हे सहज कळतं. मात्र नट आवळला की आट्यांमधली ढिलाई निघून बॅरल किंचित पुढे ओढलं जातं, म्हणून शेवटचा पाना मारल्यावर दोन्ही गेजं पुन्हा घालून बघावीच लागतात. हा टप्पा गाळणाऱ्याने रायफलीचा नाद सोडलेला बरा.

ब्रूअरने आणखी एक गोष्ट केली. बोल्टचं डोकं वेगळं ठेवलं, आडव्या पिनेने जोडलेलं, किंचित हलतं. लॉकिंगचे दोन्ही दात सारखे टेकावेत म्हणून केलेली ही सोयही स्वस्ताईचीच होती. दर्दी लोकांना हे सगळं फारसं रुचलं नाही. बॅरलच्या मुळाशी तो खाचांचा नट दिसायचा, आणि सुबक रायफलीत असली प्लंबिंगछाप वस्तू त्यांना खपत नसे. दिसायला तो कुरूप होता हे मलाही मान्य आहे. पण १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा बाकीचं उत्पादन आटोपतं घेऊन तिने भर दिला तो याच ११० वर.

मजुरी वाचवणाऱ्या नटाने गिऱ्हाइकालाही मोकळं केलं. कारखान्यात अर्धकुशल कामगार जे करतो ते घरच्या बाकावर का नको? बॅरल धरायला व्हाइस, नटाचा पाना आणि दोन गेजं मिळाली की झालं. मग चेंबर आधीच कापून तयार असलेली ‘प्रीफिट’ बॅरलं विकणारे कारखानदार उभे राहिले. पुढे रेमिंग्टन ७०० साठीही नटवाली बॅरलं निघाली. त्यांचं बाजारातलं नाव ‘रेमेज’, अर्ध रेमिंग्टन आणि अर्ध सॅव्हेज.

कोणतं कॅलिबर कशावर चढेल हे बुडाच्या व्यासावर आणि काडतुसाच्या लांबीवर ठरतं. .३०८, .२४३, ७ मिमी-०८ आणि ६.५ क्रीडमूर यांची बुडं सारखी, साधारण १२ मिलिमीटर, आणि लांबीही आखूड ॲक्शनमध्ये (बोल्ट आणि रिसीव्हरच्या आखूड जोडीत) मावणारी. त्यांच्यात नुसतं बॅरल बदललं की भागतं. .२२३ चं बूड ९.६ मिलिमीटर, तिथे बोल्टचं डोकंही बदलावं लागतं आणि बहुधा मॅगझिनही. .३०-०६ चं बूड जुळतं, पण ते आखूड ॲक्शनमध्ये मावत नाही.

एका रायफलीत दहा रायफली, ही जाहिरातीची भाषा मात्र जपून घ्यावी. दुर्बीण रिसीव्हरवर बसलेली असते, त्यामुळे बॅरल बदललं की नेम नव्याने लावायला मैदानावर जाणं आलं, काडतुसं खर्च करणं आलं. स्पर्धेतले नेमबाज बॅरल बदलतात ते मुख्यतः झिजतं म्हणून. ६.५ क्रीडमूरच्या बॅरलचा घसा दोन-तीन हजार फैरींत जळून खडबडीत होऊ लागतो. त्यांच्या लेखी बॅरल ही खपाची वस्तू.

जर्मनीच्या इस्नी गावातल्या ब्लाझरने कोडं उलट्या बाजूने सोडवलं. १९९३ ची आर-९३ आणि २००८ ची आर-८ या रायफलींत बोल्ट रिसीव्हरमध्ये नव्हे, थेट बॅरलमध्येच अडकतो. चेंबर आणि खाच एकाच तुकड्यात कापलेली, म्हणून हेडस्पेस जागचं हलत नाही. दुर्बिणीचा माउंटही बॅरलवरच. खालून किल्लीने दोन नट सैल केले की बॅरल उचलून हातात येतं आणि दुर्बिणीसकट आपला नेम घेऊन परत बसतं. पैसे अर्थात सॅव्हेजच्या कित्येक पट. अमेरिकी सैन्याची मार्क-२२ ही बॅरेटची स्नायपर रायफलही बॅरलमध्येच बोल्ट अडकवते, तिथे ७.६२ मिमी, .३०० नॉर्मा आणि .३३८ नॉर्मा अशी तीन बॅरलं असतात, सरावासाठी एक, लांबच्या पल्ल्यासाठी दुसरं.

सोय वाढली तसा धोकाही. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी .२२३ पासूनच बनलेली, बूड तेच, मॅगझिन तेच. ते काडतूस चुकून .२२३ च्या बॅरलमध्ये गेलं आणि बोल्ट मिटला, तर जाडी गोळी बारीक नळीत कोंबली जाते आणि रायफल फुटते. म्हणून बॅरलवरचा कॅलिबरचा ठसा वाचल्याशिवाय काडतुसाला हात लावायचा नाही.

हा छंद अमेरिकेत फोफावला त्यामागे कायदाही आहे. तिथे १९६८ च्या कायद्यानुसार बंदूक म्हणजे रिसीव्हर. बॅरल हा नुसता सुटा भाग, तो टपालाने घरी येतो. जर्मनीत प्रत्येक बॅरलची परवान्यावर नोंद लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने सुटे भागही शस्त्रच, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं निमित्तही फारसं उरलं नाही. ऑलिंपिकची ५० मीटर रायफल तर .२२ वरच चालते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळालं ते याच रायफलीच्या थ्री पोझिशन्स प्रकारात. तिथे कॅलिबर बदलण्याचा प्रश्नच नाही. नेमबाज बॅरल तेच ठेवून काडतुसांचे लॉट तपासत बसतात, कारण एकाच कारखान्याचे दोन लॉट एका बॅरलमधून सारखे जात नाहीत.