कोटीपोटातली वस्ती

गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्या जागी जाड, टणक हिरडी असते. चरताना गाय खरखरीत जीभ गवताच्या झुबक्याभोवती गुंडाळते, तो आत ओढून खालच्या दातांनी हिरडीवर दाबते आणि मानेला हिसका देऊन तोडते. तोडलेला घास जेमतेम चावूनच गिळला जातो.

गवताच्या धाग्यांत मुख्यतः सेल्युलोज असते. ते फोडणारा पाचकरस गाईचे शरीर बनवत नाही, माणसाचेही नाही. गाय गवतावर जगते ती पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

तिच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. पोटाची डावी बाजू बहुतेक कोटीपोटानेच व्यापलेली असते. मोठ्या गाईच्या कोटीपोटात १०० लिटरहून जास्त ऐवज मावतो. आत प्राणवायू जवळपास नसतो आणि तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहते. तिथल्या एका मिलिलिटर रसात अब्जावधी जिवाणू असतात. शिवाय आदिजीव आणि चिवट देठांत तंतू घुसवणारी बुरशीही. ही मंडळी सेल्युलोजची साखर करतात आणि ती आंबवून ॲसिटिक, प्रोपियोनिक व ब्युटिरिक आम्ले तयार करतात. कोटीपोटाच्या भिंतीतून ही आम्ले थेट रक्तात जातात, आणि गाईला लागणारी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यांतूनच मिळते. ॲसिटिक आम्ल दुधातल्या स्निग्धांशाच्या कामी येते. प्रोपियोनिकपासून यकृत ग्लुकोज बनवते आणि कासेत त्याची दुधातली साखर होते. आंबताना निघणारा मिथेन व कार्बन डायऑक्साइड ढेकरेवाटे बाहेर पडतो.

पात्यावरच्या मेणचट थरातून जिवाणूंना सहज शिरता येत नाही. त्यांना तुटलेल्या, चेचलेल्या कडा लागतात. त्यासाठीच रवंथ. गाय निवांत बसली की गिळलेल्या चाऱ्याचा गोळा मानेतून वर सरकताना बाहेरूनही दिसतो. एकेक गोळा ती ४० ते ६० वेळा चावते, आणि दिवसातले सहा ते आठ तास यात जातात. या चावण्यात मिसळणारी लाळ दिवसाला १०० लिटरच्या वर जाऊ शकते. लाळेतला सोडा आम्लता आटोक्यात ठेवतो. तो कमी पडला तर सूक्ष्मजीवच मरू लागतील.

प्रथिनांची कथा याहून विलक्षण आहे. गवतातली बरीचशी प्रथिने सूक्ष्मजीव अमोनियापर्यंत फोडतात आणि त्यातून स्वतःचे शरीर घडवतात. पुढे हेच सूक्ष्मजीव चाऱ्याबरोबर खऱ्या पोटात व आतड्यात जाऊन पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा हिस्सा हाच. चाऱ्यात कोबाल्ट असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही तेच बनवतात. हिरव्या गवतातल्या कॅरोटिनमुळे गाईचे तूप पिवळसर होते; वाळलेल्या कडब्यात ते फारसे उरत नाही.

कोवळ्या गवतात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असते आणि ते लवकर पचते. कुसळी गवत फुलोऱ्यावर आले की त्याच्या देठात लिग्निन वाढते. मग सूक्ष्मजीवांचेही फारसे चालत नाही. मात्र उन्हाळाभर कडब्यावर राहिलेल्या जनावराला पहिल्या पावसाचे लुसलुशीत गवत एकदम मिळाले, तर सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते आणि शेण पातळ होते. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्याने कोटीपोटात फेस धरतो, ढेकर अडते, डावी भकाळी फुगते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जनावर दगावते. म्हणून हिरव्या चाऱ्यावर सोडण्याआधी थोडा कडबा खायला घालतात आणि चरण्याचा वेळ रोज थोडा थोडा वाढवत नेतात.