रविवारचे अकरा आणि एकट्याचं टेबल

रविवार, सकाळचे साडेदहा. मेसचा नाश्ता नऊलाच संपलाय, जेवणाला अजून दोन तास आहेत आणि रूममेट वीकेंडला घरी पळालाय. पोटात कावळे ओरडतायत. तुम्ही अंथरुणातूनच फोन उघडता, तर तिथे कोणीतरी जाडजूड टोस्टवर ॲव्होकाडो पसरतंय. ‘मुंबईतले टॉप टेन ब्रंच स्पॉट्स’. रील सेव्ह. अशी किती सेव्ह झालीयेत, खरं सांगा? आणि त्यातल्या किती ठिकाणी गेलात?

मी गेले होते. फर्स्ट इयरला, कराडहून मुंबईत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. हॉस्टेलच्या चौघी मिळून वांद्र्याच्या एका कॅफेत गेलो. चव छान होती, तक्रार नाही. फोटो तर भन्नाट आले. बिल आलं ३,१४० रुपये. टीटीएमएम, म्हणजे प्रत्येकी ७८५. माझा महिन्याचा हातखर्च तेव्हा २,५०० रुपये होता आणि तारीख होती नऊ. पुढचे तीन आठवडे कसे गेले हे वडापाववाल्या दादाला विचारा.

त्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्जही होता. आम्ही गपचूप दिला, कारण विचारायची लाज वाटली. तुम्ही लाजू नका. तो आपोआप बिलात लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. ‘हा काढा’ एवढंच शांतपणे म्हणायचं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये तो पाच टक्के असतो.

पण पैशांपेक्षा मला वेगळीच गोष्ट जाणवली. पुढच्या रविवारी बाकीच्या तिघी आपापल्या गावी गेल्या आणि मी उपाशी बसले. खिशात पन्नास-साठ रुपये होते, खाली दोन हॉटेलंही होती. तरी गेले नाही, कारण एकटीनं हॉटेलात जाऊन बसायचं कसं? लोक बघतील. वेटर विचारेल, ‘किती जण?’ आणि आपण म्हणायचं, ‘एक’. हसू नका. बाहेरगावाहून आलेल्या कितीतरी मुलामुलींचा पहिल्या वर्षाचा रविवार असाच बिस्किटाच्या पुड्यावर जातो आणि कोणी कोणाला सांगत नाही.

गंमत म्हणजे, हे शहर एकट्या माणसाला खाऊ घालण्यातच मुरलेलं आहे.

इराण्यांचंच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधल्या यझ्द, केरमान भागातून आलेल्या झोरोस्ट्रियन लोकांनी मुंबईत चहाची दुकानं थाटली. कोपऱ्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्यांना मिळाली असं सांगतात. दोन्ही रस्त्यांकडून दरवाजा, आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. गिऱ्हाईक कोण? गोदीत, गिरणीत, कचेरीत काम करणारा, घर गावाकडे असलेला माणूस. एक चहा, एक ब्रून मस्का आणि समोर पेपर. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४चं आहे. आजही तिथे अकुरी, खीमा पाव किंवा नुसता बन मस्का मागवून एकटं बसलेलं कोणीतरी हमखास दिसतं. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. चहात बुडवल्याशिवाय खाऊ नका, टाळू सोलून निघते. असे इराणी आता मोजकेच उरलेत, तेव्हा डिग्री संपायच्या आत जाऊन या.

(जाता जाता: ‘ब्रंच’ हा शब्द १८९५चा. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं रविवारच्या जड जेवणाऐवजी उशिरा, हलकं काहीतरी खावं असा लेखच लिहिला होता. शनिवारी रात्री जागलेल्यांना सकाळी उठवू नका, हा त्यातला एक मुद्दा. हॉस्टेलच्या गेटवर या माणसाचा फोटो लावायला हरकत नाही.)

गिरणगावातल्या खाणावळींची गोष्ट याहून जवळची. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि शेजारच्या बाईकडे जेवायचे. हिशेब महिन्याचा, पगार झाला की पैसे. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या आणि तो जेवणारा माणूसही गेला. आज त्याच परळ-लोअर परळमध्ये मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आपण पॅनकेक खातो. खा, पण खाली उतरल्यावर एखादी गल्ली आत वळून बघा. दुपारी पोळीभाजी देणारं कोणीतरी अजून सापडतं.

आणि माटुंगा. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण माझा एकटीचा रविवार सुटला तो इथेच.

दक्षिणेतून नोकरीसाठी आलेली माणसं या भागात स्थिरावली आणि त्यांच्यामागोमाग त्यांचं जेवणही आलं. माटुंगा स्टेशनला लागून असलेलं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. नावातला ‘बोर्डिंग’ हा शब्द बघा. बायकामुलं गावाला ठेवून आलेल्यांची ती जेवायची सोय होती. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि भाज्या. कूपन घ्यायचं आणि नंबर आला की मोकळी खुर्ची असेल तिथे बसायचं. शेजारी कोण बसलंय हे तुम्ही ठरवत नाही. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४०चं. रविवारी सकाळी बाहेर ही गर्दी असते. नाव लिहून फुटपाथवर ताटकळायचं. पण एकटं असलात तर मजा बघा, चौघांच्या ग्रुपला अर्धा तास थांबवतात आणि तुम्हाला हाक येते, कारण कुठल्या तरी टेबलावर एक जागा नेमकी रिकामी झालेली असते. ‘किती जण?’ ‘एक’. या उत्तराचा पहिल्यांदाच फायदा झाला तेव्हा मला काय वाटलं, ते सांगता येणार नाही.

समोर एक आजोबा बसले होते. रसम वडा खात होते. मी मेन्यू वाचत बसलेली बघून त्यांनी फक्त आपल्या ताटलीकडे बोट केलं. तेच मागवलं. पुढे वीस मिनिटं आम्ही एक शब्द बोललो नाही आणि अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही.

त्यानंतर मी माझी एक पद्धत बनवली. पटली तर घ्या. रेटिंग बघायचं नाही. ज्या भागात काम असेल तिथे एक स्टेशन आधी उतरून चालायचं. जिथे युनिफॉर्ममधला टॅक्सीवाला, बँकेतल्या बाई आणि कॉलेजची पोरं एकाच खोलीत खातायत, तिथे आत शिरायचं. फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा पदार्थ असेल तर उत्तमच, म्हणजे तो खरंच आज केलेला असतो. पाणी साधं मागायचं, बाटली नको. आणि पहिल्याच भेटीत निकाल द्यायचा नाही. दादरच्या प्रकाशमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मला साबुदाणा वडा ठीकठाकच वाटला होता. दुसऱ्यांदा त्यावर पियूष घेतलं आणि मत बदललं. तिथून थोडं पुढे आस्वाद आहे. त्यांच्या मिसळीला २०१५मध्ये लंडनच्या फूडी हबनं जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं. मी कोल्हापूरच्या वाटेवरची, त्यामुळे मिसळीबद्दल माझं मत छापू नये असं संपादकांनी सांगितलंय.

एक सूचना महत्त्वाची. निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. रविवारी तो साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे बरोब्बर ब्रंचच्या डोक्यावर. मी एकदा उपाशीपोटी पाऊण तास गाडीत लटकले आहे. सेंट्रल बंद असेल तर वेस्टर्नच्या माटुंगा रोडला उतरा आणि झेड ब्रिजवरून पलीकडे चालत या. आणि सोमवारी जाऊ नका, यातली दोन-तीन ठिकाणं तेव्हा बंद असतात.

ही सगळी नावं मी सांगितली, पण त्यातलं एकही माझा अड्डा नाही. माझा अड्डा हॉस्टेलपासून सात मिनिटांवरचं एक साधं उडिपी आहे, त्याचं नाव सांगणार नाही. डोसा बरा, कॉफी पातळ. सेकंड इयरला मला टायफॉइड झाला आणि मी तीन आठवडे घरी होते. परत आले त्या रविवारी गल्ल्यावरच्या अण्णांनी विचारलं, ‘इतने दिन किधर था?’ मी सांगितलं. त्यांनी माझी नेहमीची ऑर्डर परस्पर रद्द केली आणि इडली पाठवली, चटणीशिवाय.

गेल्या रविवारी तिथे एक मुलगी दारात उभी होती. पाठीवर नवीकोरी बॅग, हातात फोन. आत बघत होती आणि परत फोनमध्ये. आता ही जाणार, हे मला कळलं. अण्णांनाही कळलं असावं, कारण त्यांनी ‘किती जण?’ विचारलंच नाही, नुसतं माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. ती आली. ‘इथे कोणी आहे का?’

मी बॅग उचलली. तिनं मेन्यू उलटसुलट केला, किमती वाचल्या, मग इडली मागवली. थोड्या वेळानं हळूच विचारलं, ‘सांबार परत मागितलं तर देतात का?’

देतात म्हटलं.