'ट्रेसपास' (१९७०) : जेनेसिसच्या गीतांतील निवेदकाची जडणघडण

प्रोग्रेसिव्ह रॉकची चर्चा बहुधा वादनकौशल्य, रचनांची लांबी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताशी असलेले नाते या मुद्द्यांभोवती फिरते. गीताच्या संहितेचा विचार मागेच राहतो. जेनेसिस या इंग्रजी वाद्यवृंदाने 'ट्रेसपास' या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत गाठलेली मजल मात्र गीतातील निवेदक लक्षात घेतल्याशिवाय उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पीटर गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स हे चार्टरहाउस शाळेतील सोबती. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन' १९६९ मध्ये डेक्का कंपनीने प्रसिद्ध केली. निर्माते जोनाथन किंग यांच्या कल्पनेनुसार तीत बायबलचे सूत्र गुंफलेले होते, आणि मूळ वादनावर तंतुवाद्यांचा साज मागाहून चढविण्यात आला होता. १३ गीतांत सृष्टीच्या आरंभापासून अंतापर्यंतचा पल्ला गाठावयाचा, तोही विशी न ओलांडलेल्या मुलांनी! या गीतांत 'मी' आहे. परंतु तो कोण आणि कोठून बोलतो, हे निश्चित होत नाही. सूत्र बाहेरून आले, साजही बाहेरून आला.

त्यानंतर १९६९-७० च्या हिवाळ्यात सरे परगण्यातील डॉर्किंगजवळच्या एका कॉटेजमध्ये ही मंडळी काही महिने एकत्र राहिली. रचना घडवावयाच्या, श्रोत्यांपुढे वाजवून पाहावयाच्या, पुन्हा मोडावयाच्या, असा क्रम चालला. १९७० च्या उन्हाळ्यात लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत जॉन अँथनी यांच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रण झाले आणि ऑक्टोबरमध्ये करिस्मा कंपनीने 'ट्रेसपास' प्रसिद्ध केली. पूर्वी १३ गीतांनी व्यापलेल्या जवळजवळ तेवढ्याच अवधीत आता सहाच गीते होती.

ही लांबी कशासाठी, याचे उत्तर 'स्टॅग्नेशन' या सुमारे नऊ मिनिटांच्या गीतात मिळते. वेष्टनावरील टिपणानुसार हे गीत एका अतिश्रीमंत माणसाला अर्पण केले आहे. त्याने सारी संपत्ती खर्चून स्वतःला जमिनीखाली खोल गाडून घेतले आणि मानवजातीतला एकटाच उरल्यामुळे तो अवघ्या पृथ्वीचा वारस झाला. टिपणाचा सूर उपरोधाचा आहे. गीतातील स्वर मात्र त्या माणसाचा स्वतःचा, आणि त्यात उपरोध नाही. हा विसंवाद वाचकाने-श्रोत्याने सांधावयाचा आहे. बारा तारांच्या गिटारींची एकमेकींत गुंतणारी नाजूक वीण, मग ऑर्गनचा दीर्घ चढ आणि अखेरीस तहानेचा आक्रोश: आत्मसंतुष्ट स्वर केविलवाणा होईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढी या गीताची लांबी आहे.

मराठी अभ्यासकाला येथे नाट्यगीताची संज्ञा उपयोगी पडावी. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषिताशी नाते सांगणारा हा प्रकार ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांनी मराठीत रुजविला. तांब्यांचा जेनेसिसशी अर्थातच काही संबंध नाही. परंतु कवीहून वेगळी व्यक्ती विशिष्ट प्रसंगी बोलते आणि बोलता बोलता स्वतःला उघडी पाडते, हे लक्षण दोन्हीकडे लागू पडते.

अखेरच्या 'द नाइफ'मध्ये ते सर्वांत धारदार होते. बोलणारा आहे जमावाला चेतविणारा क्रांतिकारक. गांधीजींवरील पुस्तकाच्या वाचनाचा या गीतामागे प्रभाव असून हिंसक क्रांती अंती हुकूमशहालाच सत्तेवर आणते हे दाखवावयाचे होते, असे गॅब्रिएल यांनी सांगितले आहे. गीतात गांधीजींचे नावही नाही, उपदेशही नाही. आहे ते केवळ चिथावणीचे वक्तृत्व, आणि त्याला शोभणारी ऑर्गनची आक्रमक दौड. भारतीय वाचकाने या प्रभावाचे कौतुक करण्याची घाई करू नये. अहिंसेचा विचार येथे तिच्या विरोधकाच्या तोंडून, नकाराच्या रूपाने अवतरतो. स्वीकारप्रक्रियेच्या अभ्यासात हा प्रकार अधिक लक्षणीय मानावा लागेल.

सर्वच गीते या पातळीवर पोहोचत नाहीत. 'व्हाइट माउंटन'मधील लांडग्यांची कथा जॅक लंडनच्या 'व्हाइट फँग'चे ऋण मिरवते, पण साहसकथेपलीकडे जात नाही.

ध्वनिमुद्रण संपताच फिलिप्स बाहेर पडले. श्रोत्यांसमोर उभे राहण्याचे भय त्यांना असह्य झाले होते. गॅब्रिएल यांनी पुढे उलटी वाट धरली. १९७२ मध्ये डब्लिनच्या रंगमंचावर ते लाल झगा आणि कोल्ह्याचा मुखवटा चढवून आले, आणि तोवर केवळ आवाजात असलेल्या निवेदकाला शरीर मिळाले.