ताटापर्यंतची वाट (भाग ७) : जागा मोक्याची, अट वस्तीची

शेतमालाच्या विक्रीतली मधली साखळी किती लांब आहे, हे मागच्या भागात पाहिले. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी एक रुपया मोजतो, तेव्हा शेतकऱ्याला त्यातले सुमारे ३३ पैसे मिळतात. कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७. हे आकडे वाचले की मधले हात काढले तर शेतकऱ्यालाही चार पैसे सुटतील आणि गरिबाच्या घरीही ताजी भाजी जाईल, असे वाटू लागते. यातला पहिला भाग पुष्कळसा खरा आहे. दुसरा आपोआप खरा होत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि शहरांत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू केले. उपक्रम चांगलाच. पण डिझेल जाळून टेम्पो शहरात आणणारा शेतकरी गट साहजिकच अशा जागी उभा राहू पाहतो, जिथे एकेक गिऱ्हाईक आठवड्याची भाजी एकदम नेते आणि माल दुपारपर्यंत संपतो. दिवसभराची मजुरी हाती पडल्यावर संध्याकाळी पाव किलो वांगी आणि मेथीची एक जुडी घेणारी बाई या हिशेबात बसत नाही. तिच्या घरी फ्रिज नसतो, आणि आठवड्याचे पैसे एकदम हाती येत नाहीत.

रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते, त्यामुळे पोट भरते. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रात प्रौढाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत, आणि ती सगळी विकत घ्यायची आहेत. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्याची कारणे अनेक; निव्वळ धान्यावर चालणारा आहार त्यातले एक मोठे कारण आहे.

ताजा माल गरीब वस्तीपर्यंत पोचवण्याच्या नेमक्या याच प्रश्नाला ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने हात घातला. १९९३ मध्ये महापौर पात्रुस आनानियास यांच्या कारकिर्दीत तिथे अन्नासाठी स्वतंत्र खाते निघाले. पालिकेने वर्दळीच्या मोक्याच्या जागा विक्रेत्यांना दिल्या, पण अटींवर. सुमारे वीस आवश्यक जिन्नस पालिकेने ठरवलेल्या, बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावाने विकायचे. बाकीचा माल हव्या त्या भावाने. आणि फिरत्या विक्रेत्यांना चांगली जागा हवी असेल, तर शनिवार-रविवारी शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत गाडी न्यायची. आसपासच्या लहान शेतकऱ्यांना थेट विक्रीच्या जागा दिल्या त्या वेगळ्याच. मला यातली वस्तीची अट सर्वांत मोलाची वाटते. गरिबाची दया येईल म्हणून व्यापारी तिकडे गेला नाही. शहरातल्या जागेची किंमत त्याने वस्तीत जाऊन चुकती केली.

भाव बांधले की विक्रेते पळतात, हा आक्षेप रास्त आहे. सगळाच माल बांधला असता, तर पळालेही असते. तिथे थोडे जिन्नस बांधलेले होते आणि वर्दळीची जागा त्याची भरपाई करत होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: आपल्याकडे वस्तीत आज हातगाडीवाला भाजी विकतोच, सुटी देतो, ओळखीवर उधारही देतो, शेतकऱ्याचा टेम्पो आला तर त्याच्या पोटावर पाय येईल. म्हणूनच टेम्पोने रोज पावशेर-पावशेर मापत बसू नये. शेतकरी गटाने सकाळी वस्तीच्या तोंडाशी हातगाडीवाल्यांनाच ठोक माल द्यावा. पहाटे बाजार समितीत जाण्याचे त्यांचे भाडे आणि खेप वाचेल, आणि सोसायट्यांजवळच्या आठवडी बाजारातली जागा त्या गटाला याच अटीवर मिळावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नेमलेल्या शहर समित्यांत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतातच. कोणत्या वस्तीत, किती वाजता, हे त्यांनाच विचारून ठरवता येईल.