खातेउतारा, चॅटबॉट आणि आपली दक्षता

बँकेतील खाते ही आता केवळ शहरवासीयांची आणि व्यापाऱ्यांची गरज राहिलेली नाही. गृह आधार योजनेचे साहाय्य, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची रक्कम, किसान सन्मान निधीचा हप्ता, शिक्षकांचे वेतन, वृद्धांचे निवृत्तिवेतन हे सारे आज खात्यातच जमा होते. त्यातच २०१६ साली यूपीआय ही देवघेवीची पद्धत सुरू झाली आणि मासळीबाजारातील पाटीपासून औषधांच्या दुकानापर्यंत सर्वत्र ती रूढ झाली. परिणामी, पूर्वी वर्षाकाठी पासबुकाची दोन-तीन पाने भरत असत, तेथे आता एका महिन्यातच तेवढ्या नोंदी होतात. नोंदी वाढल्या; त्या वाचण्याची सवय मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादसाधने, म्हणजेच चॅटबॉट, सर्वसामान्यांच्या हाती आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर जेमिनी, क्लॉड अशी इतर साधनेही उपलब्ध झाली. त्यांना मराठीतून प्रश्न विचारता येतो व मराठीतून उत्तर मिळते. साहजिकच अनेक जण आपला खातेउतारा या साधनांपुढे ठेवून "माझा पैसा जातो कुठे?" असा प्रश्न विचारू लागले आहेत. या कामी ही साधने कितपत उपयोगी पडतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि त्यांचा वापर करताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खातेउताऱ्यात काय असते?

खातेउताऱ्यात सामान्यतः तारीख, तपशील, नावे पडलेली रक्कम, जमा झालेली रक्कम आणि शिल्लक असे रकाने असतात. त्यांपैकी तपशिलाचा रकाना सर्वांत दुर्बोध असतो. कारण त्यात इंग्रजी संक्षेप आणि लांबलचक आकडे यांची सरमिसळ असते. एनईएफटी व आयएमपीएस ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम पाठविण्याच्या पद्धतींची नावे होत. एसीएच अशी नोंद असेल, तर खातेदाराने पूर्वी दिलेल्या संमतीनुसार विमा किंवा कर्ज यांचा हप्ता परस्पर वळता झालेला असतो, किंवा अनुदान वा लाभांश यांसारखी रक्कम जमा झालेली असते.

काही नोंदी आकड्यावरूनच ओळखता येतात. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये नावे पडलेले दिसले, तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची वार्षिक वर्गणी असते. २० रुपयांची नोंद सुरक्षा विमा योजनेची असते. या दोन्ही योजना २०१५ साली सुरू झाल्या आणि वर्गणीचे हे दर जून २०२२ पासूनचे आहेत. विमा उतरविलेला आहे हे घरच्या मंडळींना ठाऊकच नसेल, तर दुर्दैवी प्रसंगी दोन लाख रुपयांचा दावा करावयाचा राहून जातो. वीस रुपयांची एक ओळ वाचण्याचे महत्त्व एवढे मोठे असू शकते.

चॅटबॉट काय करतो?

चॅटबॉट हा बँकेचा कारकून नव्हे आणि हिशेबतपासनीसही नव्हे. असंख्य लेखनाच्या अभ्यासातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते याचा अंदाज बांधणारी ती यंत्रणा आहे. त्यामुळे भाषेशी संबंधित कामे ती उत्तम करते. दुर्बोध संक्षेपांचा अर्थ सांगणे, शंभर नोंदींची किराणा, औषधे, प्रवास, वीज अशा शीर्षांखाली विभागणी करणे, दरमहा त्याच तारखेला जाणारी रक्कम हेरणे, बँकेला पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा करून देणे, ही कामे ती अल्पावधीत करते.

बेरीज-वजाबाकीची गोष्ट मात्र वेगळी आहे. काही साधने आकडेमोडीसाठी स्वतंत्र गणनप्रणाली वापरतात. तेव्हा उत्तर बहुधा बरोबर येते. ती वापरली नाही, तर आकडाही अंदाजाने लिहिला जाऊ शकतो. लांबलचक उताऱ्यातील एखादे पान वगळले जाणे, नावे आणि जमा या रकान्यांची अदलाबदल होणे, अस्तित्वात नसलेली नोंद उत्तरात येणे, असेही घडते. विशेष म्हणजे चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईदार आणि आत्मविश्वासपूर्ण भाषेत दिले जाते. म्हणून भाषेच्या सफाईवरून हिशेबाची सत्यता ठरवू नये.

एक उदाहरण

समजा, एका शिक्षिकेच्या खात्यावर महिन्याच्या आरंभी १८,२४० रुपये शिल्लक आहेत. महिन्यात वेतनाचे ४२,५०० रुपये आणि शेजारणीने परत केलेले हातउसने १,००० रुपये, असे एकूण ४३,५०० रुपये जमा झाले. नावे पडलेल्या रकमा अशा: एटीएममधून सात वेळा काढलेली रोख १२,००० रुपये, वीजबिल १,१८० रुपये, किराणा ६,४५० रुपये, औषधे २,८६० रुपये, आवर्ती ठेवीचा हप्ता ५,००० रुपये, दोन्ही विमा योजनांची वर्गणी ४५६ रुपये, एटीएमचे शुल्क ५४ रुपये २८ पैसे आणि मोबाईलवरील चित्रपटसेवेची वर्गणी १९९ रुपये. नावे पडलेली एकूण रक्कम २८,१९९ रुपये २८ पैसे होते आणि अखेरची शिल्लक ३३,५४० रुपये ७२ पैसे उरते.

हा उतारा चॅटबॉटपुढे ठेवला असता "उत्पन्न ४३,५०० रुपये व खर्च २८,१९९ रुपये" असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. आकडे बरोबर आहेत, अर्थ मात्र चुकीचा आहे. शेजारणीने परत केलेले हजार रुपये हे उत्पन्न नव्हे. ते आपलेच पैसे होते. आवर्ती ठेवीचे पाच हजार हा खर्च नव्हे, ती बचत होय. म्हणजे खरे उत्पन्न ४२,५०० रुपये आणि खरा खर्च २३,१९९ रुपये २८ पैसे. घरातील व्यवहारांचा हा संदर्भ यंत्राला ठाऊक नसतो. तो खातेदारानेच पुरवावा लागतो.

याच उताऱ्यातून दोन उपयुक्त गोष्टी निष्पन्न होतात. आपल्याच बँकेच्या एटीएममधून महिन्यात पाच व्यवहार विनाशुल्क करता येतात. त्यापुढील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून कमाल २३ रुपये शुल्क आकारता येते आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडून ही रक्कम २७ रुपये १४ पैसे होते. थोडीथोडी रोख सात वेळा काढल्यामुळे या शिक्षिकेस दोनदा शुल्क पडले. दुसरी गोष्ट चित्रपटसेवेच्या वर्गणीची. महिन्याचे १९९ रुपये क्षुल्लक वाटतात. वर्षाचे मात्र २,३८८ रुपये होतात. ती सेवा घरात कोणी वापरत नसेल, तर दिलेली संमती रद्द करणेच इष्ट. अशा परस्पर वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

ताळा कसा पाहावा?

चॅटबॉटने दिलेल्या हिशेबाचा ताळा पाहण्याची रीत सोपी आहे. आरंभीच्या शिल्लकेत जमा रकमा मिळवाव्यात, त्यातून नावे पडलेल्या रकमा वजा कराव्यात आणि येणारी बाकी उताऱ्यावरील अखेरच्या शिल्लकेशी ताडून पाहावी. पैशाचाही फरक पडला तरी एखादी नोंद सुटली आहे किंवा दुबार धरली आहे असे समजावे. प्रश्न विचारतानाच "एकूण किती नोंदी वाचल्या ते सांगा, ज्या नोंदीचा अर्थ निश्चित नाही, ती वेगळी दाखवा" अशी सूचना दिल्यास अंदाजाने भरलेली उत्तरे बरीच कमी होतात. सहावी-सातवीतील मुलांकडून हा ताळा करवून घेतल्यास त्यांचा अंकगणिताचा सरावही होईल.

उतारा देण्यापूर्वी

खातेउतारा हा केवळ पैशाचा हिशेब नसतो. आपण कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणाला पैसे पाठवतो, कोणत्या देवस्थानाला देणगी देतो, कर्जाचा हप्ता कधी चुकतो, हे सर्व त्यातून उघड होते. चॅटबॉटला दिलेला मजकूर संबंधित कंपनीच्या संगणकांवर जातो, काही काळ तेथे साठविला जातो आणि सेवेच्या अटींनुसार यंत्रणेच्या पुढील प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. प्रशिक्षणासाठी वापर होऊ नये अशी निवड करण्याची सोय अनेक साधनांत आहे. ती प्रथम शोधावी.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे मूळ उतारा न देता केवळ तारीख, खर्चाचे शीर्ष आणि रक्कम हे तीन रकाने वेगळ्या तक्त्यात उतरवून तेवढेच देणे. नाव, पत्ता, खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक, पॅन, मोबाईल क्रमांक आणि यूपीआयचा पत्ता वगळावा. यूपीआयच्या नोंदीत पैसे घेणाऱ्याचे नाव आणि पुष्कळदा त्याचा मोबाईल क्रमांकही असतो, हे विसरू नये. दुसऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून देणे योग्य नव्हे. संगणकावरील पीडीएफ उताऱ्यावर नुसती काळी पट्टी ओढल्याने खालचा मजकूर नाहीसा होतोच असे नाही. पट्टीआडचा मजकूर यंत्राला वाचता येऊ शकतो.

पिन, पासवर्ड, कार्डामागील तीन अंक आणि ओटीपी यांची खर्चाच्या विश्लेषणास कधीही आवश्यकता नसते. ती मागणारे साधन, मग ते कोणत्याही नावाने येवो, फसवे समजून तत्काळ बंद करावे.

कार्यालये व शाळांसाठी

वैयक्तिक खात्याबाबतचा निर्णय प्रत्येकाने आपापला घ्यावा. परंतु ग्रामपंचायत, शाळा, पालक-शिक्षक संघ, स्वयंसाहाय्य गट किंवा सहकारी संस्था यांचे खातेउतारे हे कोणा एकाचे नसतात. त्यांत लाभार्थींची, विद्यार्थ्यांची व सभासदांची माहिती असते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत असा आदेश दिला होता. त्यामागे शासकीय माहितीच्या गोपनीयतेचाच विचार होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदाही संमत केला आहे. म्हणून संस्थेचा उतारा सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीवाचून चॅटबॉटला देऊ नये.

अनोळखी नोंद आढळल्यास

विश्लेषणात अनोळखी नोंद दिसली, तर चॅटबॉटशी चर्चा करीत बसू नये. प्रथम बँकेला कळवावे. ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना त्रयस्थाकडून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत त्याने बँकेला कळविले, तर त्याच्यावर आर्थिक दायित्व पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. विलंबाबरोबर नुकसान सोसण्याची पाळी ग्राहकावर येऊ शकते. फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा; रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते. बँकेस दिलेल्या तक्रारीची पोच व क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत बँकेकडून उत्तर आले नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

नव्या साधनाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. त्याच्यावर डोळे मिटून विसंबणेही हितावह नाही. ज्यांना इंग्रजी संक्षेप वाचता येत नाहीत, त्यांना आपल्याच पैशाचा हिशेब आपल्या भाषेत समजून घेण्याची संधी चॅटबॉटमुळे लाभली आहे. महिन्यातून एक संध्याकाळ राखून घरातील जाणत्या मंडळींनी एकत्र बसून खातेउतारा वाचावा, यंत्राचे साहाय्य घ्यावे, ताळा आपण पाहावा आणि निर्णयही आपणच घ्यावा. ज्या घरात खात्यावरील प्रत्येक ओळ वाचली जाते, त्या घराला फसविणे सोपे नसते.