ब्लास्ट : एक शब्द, अनेक अर्थ

नाचणगाव-पुलगावच्या माणसाला ‘ब्लास्ट’ हा शब्द शिकवावा लागत नाही. शेजारीच लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागून स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे मुलाबाळांसह घरे सोडून निघाली. आगीशी झुंजताना अधिकारी, जवान व अग्निशामक कर्मचारी कामी आले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा माणसे गेली. त्यांत जवळच्या खेड्यांतील मजूर होते. इंग्रजीची मुळाक्षरे न शिकलेली म्हातारीही तेव्हापासून ‘ब्लास्ट’ म्हणते.

आम्ही काही भाषापंडित नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता कोश चाळण्याची सवय लागली, एवढेच. कोशात पाहिले तो आश्चर्य! या शब्दाचा मूळ अर्थ आग नव्हे, आवाजही नव्हे. वाऱ्याचा जोरदार झोत. लोहाराचा भाता तो हाच. मोठ्या प्रमाणावर तीच युक्ती म्हणजे झोतभट्टी. खालून तापलेल्या हवेचा झोत सोडायचा, कोक धगधगतो आणि लोखंडाचा रस होतो. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली.

सतराव्या शतकात बंदुकीच्या दारूने खडक फोडू लागले आणि शब्दाला स्फोटाचा अर्थ आला. तरीही वारा त्यातून गेला नाही. स्फोटात घन पदार्थाचा क्षणार्धात तप्त वायू होतो, तो भोवतालची हवा ढकलतो आणि दाबाची लाट सुटते. अंगावर जखम नसली तरी ही लाट कानाचा पडदा व फुप्फुसे फाडू शकते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या त्या या लाटेनेच.

वाईट वाऱ्याने पीक जळते, अशी जुनी समजूत होती. म्हणून भातावरच्या बुरशीच्या रोगालाही इंग्रजीत ‘ब्लास्ट’च म्हणतात. आपला पूर्व विदर्भातला शेतकरी त्याला करपा म्हणतो. वाळूचा झोत मारून गंज काढतात, तेही ‘ब्लास्टिंग’. अलीकडे तरुण मंडळी मौजमजेलाही हाच शब्द लावतात. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘ब्लास्ट’ दिसला तर मात्र गफलत होऊ देऊ नये. तो शब्द ग्रीक, अर्थ अंकुर. रक्तातल्या अपक्व पेशींना ते नाव आहे. त्याचे वाऱ्याशी काही नाते नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कारण असे की, इंग्रजीने एका पोत्यात भरलेल्या या गोष्टी मराठीत वेगवेगळ्या आहेत : झोत, सुरुंग, स्फोट, करपा. मजुराच्या अर्जात ‘ब्लास्टमध्ये जखमी’ एवढेच लिहिले की सगळे धूसर होते. सुरुंग म्हटला की तो कोणीतरी लावलेला असतो. माणसे दूर केली होती का, इशारा दिला होता का, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. स्फोट म्हटला की माल कसा ठेवला होता, कोणाच्या हुकुमाने हलवला, हे विचारावे लागते. आणि वाळूच्या झोताचा तर आवाजही कोणी लक्षात ठेवत नाही. ती बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि वर्षांनंतर माणसाला दम लागतो. १९२३ सालच्या भरपाईच्या कायद्यात अपघाताबरोबर अशा व्यवसायजन्य रोगांनाही जागा होती. पण धुळीचे नाव अर्जात न लिहिणाऱ्याला तिचा काय उपयोग?

म्हणून आमचे मागणे एवढेच की, शब्द परका असो वा घरचा, तो वापरताना काय उडाले, कोणी उडवले आणि त्या वेळी माणूस कोठे उभा होता, हे त्यासोबत लिहावे. मेलेल्याच्या घरच्यांना पुढे त्याच तीन ओळींचा आधार असतो.